मंद वाऱ्यावर उडणारी फळी

रब्बीच्या सुगीत खळ्यावर धान्य कसे उपणतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. मळणीयंत्रे आल्यापासून ते दृश्य आपल्या वऱ्हाडातही दुर्मिळ झाले आहे. पण घरातल्या आजोबांना विचारा, ते नक्की सांगतील. उंच तिवईवर माणूस उभा राहतो आणि डोक्याच्या वर धरलेल्या टोपलीतून धान्य हळूहळू खाली सोडतो. दाणा जवळजवळ सरळ खाली पडतो आणि भुसा वाऱ्याबरोबर दूर जातो. वारा एकच, उंचीही एकच. मग दोघांच्या वाटा वेगळ्या का? भुशाच्या काडीचे वजन अगदी थोडे असते, आणि त्या वजनाच्या मानाने वाऱ्याला सापडणारे तिचे क्षेत्रफळ मोठे असते. दाण्याचे नेमके उलट. वारा मंद पडला तर जाणता शेतकरी नुसता हात जोडून बसत नाही. तो टोपली आणखी उंच धरतो, म्हणजे वाऱ्याला आपले काम करावयास थोडा अधिक वेळ मिळतो.

खळ्यावरच्या या शेतकऱ्यासारखीच वाऱ्याची वाट पाहणारा एक खेळाडू आहे. त्याचे खळे म्हणजे समुद्र किंवा तलाव. त्याच्या पायाखाली एक फळी असते आणि हातात शीड. फळीच्या तळाला सुमारे मीटरभर लांबीचा दांडा उभा बसविलेला असतो, आणि दांड्याच्या खालच्या टोकाला विमानासारखे पंख असतात, पुढे मोठा व मागे लहान. यालाच फॉइल म्हणतात. आपण त्याला जलपंख म्हणू. फळी पुरेशा वेगाने धावू लागली की हा जलपंख तिला माणसासकट पाण्याबाहेर उचलतो. मग पाण्यात राहतात ते फक्त पंख आणि दांड्याचा काही भाग. वरची फळी हवेतून सरकत जाते, आवाज नाही की पाण्याचा हिसका नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शीडफळीच्या शर्यती प्रथमच अशा जलपंखांवर झाल्या. पाण्याची सोय म्हणून त्या भूमध्य समुद्रावरील मार्सेय या बंदरात ठेवल्या होत्या. जगातील निवडक खेळाडू जमले, कॅमेरे लागले, आणि वाऱ्याने दगा दिला. पदकांच्या अंतिम शर्यती २ ऑगस्टला व्हावयाच्या होत्या, त्या वाऱ्याअभावी ३ ऑगस्टवर गेल्या. इतकी महागडी सामग्री, इतकी तयारी, आणि सारे अडले ते झुळकीसाठी!

आता तुम्ही म्हणाल, "अमरावती-अकोल्याला समुद्र नाही. वडाळीच्या किंवा छत्री तलावावर अशी फळी कोणी पाहिलेली नाही. मग आम्हांला हे कशाला?" माझे उत्तर असे आहे. वारा जोरात असतो तेव्हा ही फळी कशीही उडते आणि आपण नुसते टाळ्या वाजवतो. वारा मंद असतो तेव्हा ती उडेल की नाही, हे सांगावयास हिशेब लागतो. आणि हिशेब मांडावयास बसले की वर्गात आपण पंखाचे जे स्पष्टीकरण पाठ करतो, ते किती पोकळ आहे हे उघडे पडते. मला आज बोलावयाचे आहे ते या पोकळ स्पष्टीकरणाबद्दल.

ते स्पष्टीकरण तुम्ही ऐकलेले असेल. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून लांब. खालची सपाट, म्हणून आखूड. हवेचे दोन कण पुढच्या कडेपाशी एकमेकांपासून वेगळे होतात आणि मागच्या कडेपाशी एकाच वेळी पुन्हा भेटतात. वरच्या कणाला तेवढ्याच वेळात अधिक अंतर तोडावे लागते, म्हणून तो जास्त वेगाने धावतो. वेग वाढला की दाब कमी होतो; म्हणून पंख वर उचलला जातो. ऐकावयास किती सुबक! पण यातील "एकाच वेळी पुन्हा भेटतात" हे वाक्य आले कोठून? त्या दोन कणांनी तसा करार केलेला नसतो. वातविवरात धुराच्या रेषा सोडून पाहिले असता पंखावरून जाणारी हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेला पोहोचते असे दिसते. म्हणजे हवा वरून वेगाने जाते हे खरे, वेग वाढला की दाब घटतो हा बर्नुलीचा नियमही खरा. पण वेग वाढण्याचे जे कारण आपण सांगतो, ते खोटे.

याचा पुरावा आपल्या खेळाडूच्या हातातच आहे. त्याचे शीड म्हणजे एक पातळ पडदा. त्याची एक बाजू लांब आणि दुसरी आखूड असे नसते. दोन्ही बाजू सारख्याच. तरी ते शीड फळीला ओढून नेते. कवायती विमाने तर उलटी होऊनही उडतात. त्या वेळी फुगीर बाजू खाली असते! लांब वाट आणि आखूड वाट हेच कारण असते, तर यांपैकी काहीच घडले नसते.

मग खरे कारण काय? हौदात किंवा मोठ्या टाक्यात हात बुडवा. तळवा आडवा ठेवून पुढे सरकवा. आता तळव्याची पुढची कड किंचित वर करून तसाच सरकवा. हात वर उचलला जाऊ लागेल. तुम्ही तिरक्या तळव्याने पाण्याला खाली वळविले. पाण्याने तुमच्या हाताला वर ढकलले. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. दुसरा प्रयोग स्वयंपाकघरातला. नळाची धार बारीक सोडा आणि चमचा शेंड्याशी सैल धरून त्याची फुगीर बाजू धारेला हळूच लावा. धार चमच्याला बाजूला लोटेल असे वाटते. प्रत्यक्षात चमचा धारेकडे ओढला जातो, कारण धार फुगीर पाठीला चिकटून वळते. ती एका बाजूला वळते, चमचा दुसऱ्या बाजूला सरकतो. पंखही हेच करतो. खालच्या बाजूने आणि वरच्या फुगीर पाठीनेही तो प्रवाहाला खाली वळवतो. दाबातला फरक आणि प्रवाहाचे वळणे या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत.

हे स्पष्टीकरण केवळ खरे आहे म्हणून चांगले नव्हे; त्यातून आकडे काढता येतात म्हणूनही चांगले. पंखाला मिळणारे उचलणारे बल कशावर अवलंबून असते? द्रवाची किंवा वायूची घनता, पंखाचे क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग, आणि पंखाचा आकार व तिरकेपणा यांवरून ठरणारा एक गुणक. या चौघांचा गुणाकार करून त्याची निमपट घेतली की बल मिळते. गुणक आपल्या कामापुरता १ धरू. तिरकेपणा फार वाढविला तर प्रवाह पाठ सोडून देतो आणि उचल एकदम ढासळते, म्हणून त्याला मर्यादा आहे.

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा खेळाडू, फळी, शीड सारे मिळून १०० किलोग्रॅम आहे. त्याचे वजन सुमारे १००० न्यूटन. ऑलिंपिकमधील पुढच्या जलपंखाचे क्षेत्रफळ सुमारे ९०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.०९ चौरस मीटर असते. तीस सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा. क्षेत्रफळ बस्स एवढेच! पाण्याची घनता दर घनमीटरला १००० किलोग्रॅम. म्हणजे १००० न्यूटन मिळविण्यासाठी वेगाच्या वर्गाला ४५ ने गुणले पाहिजे. वेगाचा वर्ग येतो सुमारे २२, आणि वेग येतो सेकंदाला ४.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १७ किलोमीटर. भरभर सायकल चालविणाऱ्या मुलाचा वेग. एवढासा पंख पुरतो तो पाणी जड आहे म्हणून. हाच पंख याच वेगाने हवेतून नेला तर उचल किती मिळेल? हवेची घनता सुमारे १.२, म्हणून फक्त १.२ न्यूटन. शंभर-सव्वाशे ग्रॅमचे एक संत्रे तेवढे तोलले जाईल!

तर फळीला ताशी १७ किलोमीटर वेग हवा. तो देणार कोण? वारा. आणि वारा तर मंद. समजा तो सेकंदाला ३ मीटर आहे, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटर. अशा वाऱ्यात झाडाची पाने सळसळतात, चेहऱ्याला झुळूक जाणवते, एवढेच. वरचेच सूत्र शिडाला लावा. दर चौरस मीटरला साधारण साडेपाच न्यूटन बल मिळते. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या शर्यतीतील शीड ९ चौरस मीटरचे होते, म्हणजे एकूण ५० न्यूटनांच्या आसपास. पाच किलोची पिशवी उचलावयास जेवढा जोर लागतो तेवढा. शिवाय सेकंदाला ३ मीटर वाऱ्यातून सेकंदाला ४.७ मीटर वेग निघावा अशी आपली मागणी! वाऱ्यापेक्षा जास्त वेगाने वाऱ्यानेच धावावयाचे. हे शक्य आहे काय?

शक्य आहे, आणि त्याची गंमत सायकल चालविणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हवा अगदी स्तब्ध असली तरी सायकलवर चेहऱ्याला वारा लागतो. तो तुम्ही स्वतः निर्माण केलेला असतो. खरा वारा बाजूने येत असेल तर तुम्हांला तो समोरून तिरका आल्यासारखा वाटतो. दोन्ही वाऱ्यांची बेरीज होते. याला आपण जाणवणारा वारा म्हणू. समजा बाजूने ३ मीटरचा वारा आहे आणि फळी कशीबशी सेकंदाला ५ मीटर वेगाला पोहोचली. पायथागोरसच्या प्रमेयाने जाणवणारा वारा येतो सुमारे ५.८ मीटर. शिडावरील बल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ते जवळजवळ पावणेचार पट होते! आता उलट पाहा. वाऱ्याच्या सरळ दिशेने पळत सुटले आणि वेग सेकंदाला २ मीटर झाला, तर जाणवणारा वारा उरतो फक्त १ मीटर, आणि बल नवव्या हिश्शावर येते. म्हणून मंद वाऱ्यात जाणता खेळाडू वाऱ्यापुढे सरळ पळत नाही. वारा बाजूने घेऊन वेग गाठतो, फळी उचलली गेली की मग दिशा बदलतो.

पण पहिला वेग मिळेपर्यंतचा काळ सर्वांत कठीण. तोवर फळीचे पोट पाण्याला घासत असते आणि खालचा जलपंख मदत करण्याऐवजी ओझेच वाढवतो. मंद वाऱ्यात, न उडालेली जलपंखी फळी ही साध्या फळीहून रखडत चालते. अशा वेळी खेळाडू शीड तालात ओढतो व सोडतो, पक्ष्याने पंख मारावा तसे. आणि पायांनी फळी दाबतो व हलकी करतो. झोपाळ्यावर बसून आपण झोका चढवितो तसाच हा प्रकार. ही ऊर्जा वाऱ्याची नसते. ती खेळाडूच्या स्नायूंची असते. शिडाच्या बहुतेक नौकांच्या शर्यतीत असे झटके देण्यावर बंधन आहे. शीडफळीच्या शर्यतीत मात्र ते चालते.

एकदा फळी वर आली की चित्र पालटते. पोटाची घासण संपते, वेग वाढतो, जाणवणारा वारा वाढतो, त्याने वेग आणखी वाढतो. म्हणून उडण्यासाठी जेवढा वारा लागतो, त्याहून कमी वाऱ्यात उडत राहता येते. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी रुतली म्हणजे काय होते ते आठवा. बाहेर काढावयास चार माणसांचा खांदा लागतो. एकदा कोरड्या वाटेला लागली की तेच बैल तिला सहज नेतात. पण पुन्हा चाक रुतले की पुन्हा तेवढाच खांदा! मंद वाऱ्यात वळण घेताना जलपंखाची फळी खाली टेकली, तर खेळाडूला सारे कष्ट पहिल्यापासून करावे लागतात. बरोबरचा मात्र डोळ्यांदेखत पुढे निघून जातो.

मग मंद वाऱ्यावर उपाय काय? आपल्या सूत्राला विचारा, ते सांगेल. वजन कमी करा: एकूण ८० किलोग्रॅम असेल तर लागणारा वेग ताशी १५ किलोमीटरवर येतो. पंख मोठा करा: क्षेत्रफळ दुप्पट केले तर १०० किलोग्रॅमलाही ताशी १२ किलोमीटर पुरतात. पण फुकट काहीच मिळत नाही. मोठा पंख पाण्यात जास्त ओढ निर्माण करतो आणि वारा वाढला की तोच पायांतली बेडी होतो. मोठे शीड जड असते, झटके देताना हात लवकर थकतात. ऑलिंपिकमध्ये तर सामग्री ठरलेली. तेथे उरते ते फक्त कौशल्य.

खळ्यावरचा भुसा आणि दाणा आता आठवा. वजनाच्या मानाने क्षेत्रफळ किती, हाच प्रश्न तेथे होता आणि येथेही तोच आहे. मंद वाऱ्यात खेळाडूची सारी धडपड आपण दाणा न राहता भुसा व्हावे यासाठी असते. आपल्या आजोबांना सूत्र ठाऊक नव्हते. पण टोपली कधी उंच धरावी हे ठाऊक होते.

येथे आपल्या हवामानाचाही एक बारकावा सांगतो. अकोल्याला मे महिन्यात दुपारी ४४ अंश सेल्सियस तापमान असते आणि हिवाळ्यात पहाटे १२ अंश. तापलेली हवा विरळ असते. हिशेब केला तर मेमधील दुपारची हवा हिवाळ्यातील पहाटेच्या हवेपेक्षा सुमारे एक-दशांशाने हलकी निघते. तेव्हा तेवढ्याच वेगाच्या वाऱ्याचे बलही एक-दशांशाने कमी. पण वेग फक्त ५ टक्के वाढला की ही तूट भरून निघते, कारण बल वेगाच्या वर्गाने वाढते. उन्हाळ्याला दोष देण्याआधी वेग मोजावा, तो यासाठी.

आणि वेगाचा वर्ग ही गोष्ट तुम्ही माझ्या सांगण्यावरून मानू नका. टेबलटेनिसचा चेंडू हातभर दोऱ्याला चिकटवा आणि दोऱ्याचे दुसरे टोक कोनमापकाच्या मध्यबिंदूशी बांधा. झाला तुमचा वारामापक. वारा नसलेल्या सकाळी शाळेच्या मैदानावर ६० मीटर अंतर आखा. मित्राने सायकल चालवावी, तुम्ही मागे बसून कोनमापक बाजूला, शरीरापासून दूर धरावा. प्रथम हे अंतर २० सेकंदांत काटा, नंतर १० सेकंदांत. पहिल्या वेळी दोरा उभ्या रेषेपासून ६-७ अंश कलेल, दुसऱ्या वेळी २५ अंशांच्या आसपास. आकड्यांत थोडाफार फरक पडेल, पण दोन्ही कोनांचे टॅन काढून भागाकार करा. वेग दुप्पट झाला, बल मात्र चौपटीच्या जवळ गेलेले दिसेल. हाच चेंडू घेऊन मग गच्चीवर, शेतात, तलावाच्या काठावर वारा मोजा आणि वहीत नोंदवा.

शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे. "अभ्यासक्रम संपवावयाचा आहे, परीक्षेत दोन गुणांना येणारे उत्तर मुलांना पाठ असले म्हणजे झाले," ही अडचण मी समजू शकतो. वेळ खरोखरच थोडा असतो. पण चुकीचे स्पष्टीकरण सांगावयास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यातच खरे सांगून होते. चमच्याच्या प्रयोगाला दोन मिनिटेही लागत नाहीत. आणि खऱ्या-खोट्याची परीक्षा कशी करावी, हेही मुलांना त्यातूनच कळेल. जे स्पष्टीकरण "का" सांगते पण "किती" विचारले की गप्प बसते, त्याबद्दल संशय घ्यावा. लांब वाट आणि आखूड वाट यांच्या गोष्टीत वजन नाही, क्षेत्रफळ नाही, तिरकेपणा नाही. आज या वाऱ्यात फळी उठेल का, या साध्या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नाही. अशी गोष्ट सुबक असली तरी वर्गाबाहेर ठेवावी.

आणि विद्यार्थी मित्रहो, समुद्र नाही ही तक्रार तुम्ही करू नका. सातपुडा ओलांडून उत्तरेला गेले की भोपाळ लागते. तेथेही समुद्र नाही, तलाव आहे. त्या तलावावर शिडाच्या नौका शिकविणारी राष्ट्रीय शाळा आहे. तेथे शिकलेल्या नेहा ठाकूरने २०२३ च्या सप्टेंबरात चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत लहान शीडनौकेच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. त्याच स्पर्धेत शीडफळीच्या शर्यतीत इबाद अलीने कांस्यपदक आणले. मोर्शीजवळचे ऊर्ध्व वर्धा धरण किंवा अकोला जिल्ह्यातील काटेपूर्णेचा जलाशय पाणी म्हणून काही लहान नाहीत. तेथे उद्या शिडे दिसतील की नाही, हे पैसा, सुरक्षितता आणि परवानगी यांवर अवलंबून राहील. परंतु तेथे वारा किती असतो, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, हे मोजावयास एक चेंडू, हातभर दोरा आणि वर्षभराची चिकाटी पुरते. ते काम कोणी हाती घेतलेच, तर वहीतले आकडे आम्हांला जरूर कळवा.